पत्रा का वाजतो?

एसटीच्या लाल गाडीतून ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांना हा अनुभव नवा नाही. पनवेलच्या स्थानकात गाडी उभी असते. चालक इंजिन चालू ठेवून नोंद करायला खिडकीशी गेलेला असतो, आणि आत बसलेल्या उतारूंच्या कानाशी काचांचा असा काही खडखडाट चाललेला असतो, की शेजारच्याला ‘कुठे उतरणार?’ हेसुद्धा ओरडून विचारावे लागते. मग वाहक घंटी देतो, गाडी हलते, पळस्प्याच्या दिशेने वेग घेते आणि त्याच काचा चक्क गप्प होतात. वेग वाढला, इंजिनाचा जोर वाढला, रस्त्याचे दणके वाढले. खडखडाट मात्र कमी झाला!

यात जादू काही नाही. सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन उभ्या गाडीत मिनिटाला साधारण ६०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १०. या जातीच्या इंजिनात दर फेऱ्याला तीन सिलिंडर पेटतात. म्हणजे गाडीच्या सांगाड्याला सेकंदाला ३० ठोके बसतात. सैल झालेल्या काचेचीही हलण्याची स्वतःची एक लय असते. ठोक्यांची लय आणि काचेची लय जुळली, की झोपाळ्याला नेमक्या वेळी पायाचा रेटा द्यावा तसे होते. रेटा लहान, पण झोका आढ्याला जातो. इंजिनाचे फेरे वाढले की लय चुकते आणि काच शांत होते. शाळेच्या पुस्तकात याला ‘अनुनाद’ म्हणत असत. पुस्तकातला अनुनाद परीक्षेनंतर विसरला जातो, एसटीतला जन्मभर लक्षात राहतो.

आता हा ३० चा आकडा जरा लक्षात ठेवा. कारण आजकाल घराघरांतल्या मोटारींत जे दणकट स्टीरिओ बसवले जातात, त्यांतला खर्जाचा स्पीकर नेमका याच पट्ट्यात, सेकंदाला ३० ते ८० कंपनांच्या दरम्यान, काम करतो. इंग्रजीत त्याला वूफर म्हणतात आणि आपल्याकडे दुकानदारापासून गिऱ्हाइकापर्यंत सगळे ‘बूफर’ म्हणतात. (हा उच्चार चुकीचा असेल, पण त्या आवाजाला तोच अधिक शोभतो.) म्हणजे एसटीचे इंजिन जे काम फुकटात करत होते, ते पैसे मोजून आपण आपल्या नव्याकोऱ्या गाडीच्या डिकीत आणून ठेवतो. मग पत्रा वाजू लागला तर नवल ते काय?

पनवेल हे पहिल्यापासून रस्त्यांचे गाव. घाटावरून माल उतरायचा तो इथे, आणि खाडीतून मुंबईला जायचा तोही इथूनच. १८५२ साली इथे नगरपालिका आली, २०१६ साली महानगरपालिका झाली, आणि या दोहोंच्या मधल्या काळात गावाभोवती रस्त्यांचे जाळे घट्ट होत गेले. जुना चार नंबरचा हमरस्ता आज ४८ नंबरचा झाला, सतरा नंबरचा ६६ झाला, शेजारच्या कळंबोलीतून पुण्याचा द्रुतगती मार्ग सुटला. पण पळस्पे फाट्याला डावी-उजवी निवडायची ती आजही तशीच निवडावी लागते. नवीन पनवेल, खांदेश्वर, कामोठे, खारघर इथल्या वसाहतींत इमारतीखाली गाडी नाही असे घर शोधावे लागते. शनिवारी दुपारी ही सारी कुटुंबे बाहेर पडतात. कुणी अलिबागला, कुणी लोणावळ्याला, कुणी थेट कोकणात गावी. आजी मागे, मुले मधे, आणि पुढे गाण्यांवरून भांडण! गाडी ही आता कित्येक घरांतली गाणी ऐकायची एकमेव जागा उरली आहे. घरी प्रत्येकाच्या कानात वेगळी वायर आणि हातात वेगळा फोन. एकच गाणे सगळ्यांनी मिळून ऐकण्याचा प्रसंग येतो तो गाडीत.

त्यात या पट्ट्याचा स्वभाव मुळातच ताल आवडणारा. पनवेल, उरण, पेण या बाजूला हळदीच्या रात्री जो बेंजो आणि ढोलकीचा ठेका चालतो, तो ज्याने ऐकला आहे त्याला इथल्या पोरांना बूफर का लागतो हे समजावून सांगावे लागत नाही. ठेका कानाने ऐकायचा नसतो, छातीने घ्यायचा असतो, हे इथे लहानपणीच कळते. तेव्हा ‘एवढा मोठा आवाज हवाच कशाला?’ हा प्रश्न विचारून या विषयाला सुरुवात करणे म्हणजे मासळी बाजारात उभे राहून वासाची तक्रार करण्यासारखे आहे. आवाज हवा आहे, हे धरूनच चालू. प्रश्न असा, की पैसे गाण्याचे मोजले आणि ऐकायला मिळतो पत्रा, याचे काय करायचे?

हे दुखणे नवे नाही. मोटारीत बसवायचा मोटोरोला रेडिओ अमेरिकेत १९३० साली बाजारात आला. फिलिप्सने १९६३ साली छोटी कॅसेट आणली आणि पुढे ती गाडीत शिरली. आपल्याकडे फियाटच्या जमान्यात मागच्या काचेखाली सुताराकडून प्लायवूडची फळी बसवून घेत आणि तिच्यात दोन लंबगोल स्पीकर ठोकत. ती फळी पहिल्याच पावसाळ्यात फुगे, दुसऱ्या उन्हाळ्यात आखडे आणि तिसऱ्या वर्षी गाण्यातल्या प्रत्येक ठेक्याला ‘भर्रर्र’ अशी साथ देई. पण तेव्हा इंजिनाचा, खिडकीतल्या वाऱ्याचा आणि गिअरबॉक्सचा मिळून एवढा गलबला असे, की त्या फळीचे फारसे कुणाला वाटत नसे. आजची गाडी आतून शांत. विजेवरची गाडी तर इतकी शांत, की खणातली गोळ्यांची डबी हलली तरी ऐकू येते. शांतता वाढली तशी बारीकसारीक कुरकुर ऐकू यायला लागली. हे काहीसे एकत्र कुटुंबातून दोन खोल्यांच्या घरात राहायला गेलेल्या जोडप्यासारखे झाले म्हणायचे.

मोटारी बनवणाऱ्या कंपन्यांत या नको असलेल्या आवाजांवर काम करणारे वेगळे अभियंते असतात. ते त्यांचे तीन ढोबळ वर्ग पाडतात. आपल्या भाषेला मात्र हे वर्गीकरण उपजतच ठाऊक आहे. ‘खडखड’ म्हणजे दोन सैल वस्तू एकमेकींवर आपटणे. ‘करकर’ म्हणजे त्या एकमेकींवर घासणे. धरायचे, सुटायचे, पुन्हा धरायचे, सारंगीच्या तारेवर गज फिरतो तसे. ‘भणभण’ म्हणजे एखादा मोठा, पातळ पत्रा अख्खा थरथरणे. शिवाय खुळखुळ, झिणझिण, दणदण या आहेतच. चांगला फिटर आधी हेच विचारतो. ‘‘शेठ, खडखड येते का भणभण?’’ या एका प्रश्नाच्या उत्तरात निम्मे निदान असते, कारण तिन्हींचे औषध वेगळे आहे. खडखडीला आवळायचे, करकरीला मधे काहीतरी मऊ घालायचे आणि भणभणीला पत्र्यावर ओझे चिकटवायचे. दुकानात जाऊन नुसते ‘वाजते हो’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला तिन्ही औषधे एकदम पाजली जातात, आणि बिल तिन्हींचे येते.

एक शंका इथे वाचकांच्या मनात येईल. बूफरचा आवाज एवढा खर्जातला, मग त्याच्यामुळे निघणारी खडखड कानाला अशी टोचते का? त्याचे कारण मोठे मजेशीर आहे. समजा गाण्यात सेकंदाला ४० कंपनांचा खर्ज लागला. त्याने मागची नंबरप्लेट सेकंदाला ४० वेळा पत्र्यावर आपटली. पण आपटण्याचा प्रत्येक ‘टक्’ हा काही खर्जातला नसतो, तो चांगला तीक्ष्ण असतो. आणि माणसाचा कान खर्जाला बराच बहिरा आणि सेकंदाला २००० ते ४००० कंपनांच्या आसपास अगदी तिखट असतो. म्हणून बूफरचा पडदा घुमतो तो ‘गोड’ वाटतो आणि एवढीशी प्लेट वाजते ती डोक्यात जाते.

गाडीचा पत्राही हल्ली किती पातळ असतो पाहा. दाराचा बाहेरचा पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास. वजन कमी म्हणजे पेट्रोल कमी, हे गणित त्यामागे आहे आणि ते चुकीचे नाही. या दाराच्या पोटात कंपनी स्पीकर बसवते. स्पीकर हे मोठे साधे यंत्र आहे. त्याचा पडदा पुढे येतो तेव्हा त्याची चौकट मागे रेटली जाते. न्यूटनचा तिसरा नियम. बंदूक उडाली की खांद्याला धक्का बसतो तोच प्रकार. चौकट दाराला चार स्क्रूंनी धरलेली असते, म्हणजे तो धक्का पत्र्याला. शिवाय खर्ज जितका खाली न्यावा तितकी पडद्याची हालचाल वाढते, आणि ती सरळ हिशेबाने नव्हे. ८० कंपनांचा सूर जेवढ्या मोठ्याने लागतो तेवढ्याच मोठ्याने ४० चा लावायचा, तर पडद्याला चौपट लांब जावे-यावे लागते. म्हणूनच एखाद्या गाण्यात गाडी गप्प असते आणि पुढच्याच गाण्यात, जरा खालचा खर्ज आला की, सगळा संसार खुळखुळायला लागतो.

आता निदानाकडे वळू. इथे दुकानाची गरज नाही. एक मोकळी संध्याकाळ आणि एक धीराचा माणूस पुरतो. घरात शाळकरी मुलगा किंवा मुलगी असेल तर उत्तमच. २० पासून २०० कंपनांपर्यंत हळूहळू चढत जाणारा एकच सूर फोनवर सहज मिळतो. तो मध्यम आवाजात गाडीच्या स्टीरिओवर लावायचा. एकाने आत बसायचे, दुसऱ्याने बाहेर फिरायचे. सूर चढत जाईल तशी एकेक वस्तू आपली पाळी आली की उठून बोलेल, हजेरी घेतल्यासारखी. सूर तिथेच थांबवायचा आणि संशयित जागेवर तळहात दाबायचा. आवाज बंद झाला की चोर सापडला. छतावर किंवा डिकीच्या सपाट भागावर तांदळाचे चार दाणे टाकले तर आणखी मौज. पत्रा जिथे जास्त हलतो तिथले दाणे नाचत पळून जातात आणि जिथे तो स्थिर असतो तिथे जमतात. क्लाडनी नावाच्या जर्मन गृहस्थाने १७८७ साली धातूच्या पत्र्यावर वाळू पसरून हेच करून दाखवले होते; वाळूची अशी सुंदर रांगोळी उमटे की लोक चकित होत. आपल्याकडच्या मुलांना हा प्रयोग वहीत लिहून घ्यायला लावण्यापेक्षा गाडीच्या टपावर दाखवावा.

सापडणारे चोर बहुधा फुटकळ असतात. आमच्या परिचयातील एका गृहस्थांच्या मुलाने नव्या गाडीत मोठा बूफर बसवला. गाडी पुढून वाजू लागली. बसवणाऱ्या दुकानदाराने सांगितले, सगळ्या गाडीला आतून पत्री मारावी लागेल. चारही दारे, जमीन, छत, डिकी. खर्चाचा आकडा ऐकून वडिलांनी मुलाला आणि मुलाने दुकानदाराला थांबवले. मग रविवारी बापलेक वरच्यासारखे सूर लावून बसले. पहिला चोर निघाला डॅशबोर्डवरचा गणपती! मूर्ती पितळेची, बैठक पितळेची, आणि दोहोंच्या मधे केसाएवढी फट. बैठकीखाली नमद्याचा, म्हणजे फेल्टचा, बोटभर तुकडा चिकटवला आणि बाप्पा शांत झाले. दुसरा चोर वरच्या खणातला चष्मा. तिसरा, हातब्रेकजवळच्या खळग्यातली टोलची चिल्लर. २०२१ च्या फेब्रुवारीत टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला, तेव्हापासून त्या नाण्यांना काम नव्हते, पण ती तिथेच होती. चौथा, डिकीत स्टेपनीखाली सैल पडलेला जॅक. पाचवी आणि खरी गुन्हेगार नंबरप्लेट. तिच्यामागे चार कोपऱ्यांत रबरी फोमचे चार तुकडे लावल्यावर बाहेरचा खडखडाट जवळजवळ संपला. सहा दुखण्यांपैकी पाच अशी सुटली. सहावे होते उजव्या दाराची भणभण, आणि तिथे मात्र पत्री लागलीच.

ही पत्री म्हणजे काय, ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण गिऱ्हाईक फसते ते इथे. ब्युटाइल नावाच्या काळ्या, चिकट रबराचा दोन मिलिमीटरचा थर आणि वर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पापुद्रा. ती पत्र्यावर चिकटवून रोलरने दाबून बसवतात. पत्रा वाकायला लागला की मधले रबर पत्रा आणि पापुद्रा यांच्या कात्रीत सापडते, ताणले जाते, आणि कंपनाची शक्ती त्या रबरात किंचितशा उष्णतेच्या रूपाने जिरून जाते. शिवाय पत्रीचे वजन पडते ते वेगळे. वाजणाऱ्या घंटेवर हात ठेवावा तसा परिणाम होतो.

इथे तबल्याची आठवण होते. साध्या ढोलाच्या कातड्याचे सूर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून त्यातून नुसता ‘धप्प’ निघतो. तबल्यावर शाईचे वजन चढवले की ते सूर पटीत बसतात आणि तबला गातो. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात ही गोष्ट जगापुढे मांडली. आपल्या तबले बनवणाऱ्या कारागिरांना ती पिढ्यान् पिढ्या हाताने ठाऊक होती. पडद्यावर कुठे आणि किती ओझे ठेवायचे याची ही विद्या. तबल्यात ती गाण्यासाठी वापरली, दारात ती गप्प करण्यासाठी वापरायची एवढाच फरक. आणि तबलेवाला जसा सगळ्या कातड्याला शाई फासत नाही, तसेच सगळ्या पत्र्याला पत्री फासण्याची गरज नसते. मोठ्या सपाट भागाच्या मधोमध, पाव ते अर्धा भाग झाकला तरी भणभण बरीचशी मरते. त्यापुढे पैसे वाढतात तसा फायदा वाढत नाही, वजन मात्र वाढते. दोन मिलिमीटरच्या पत्रीचे वजन चौरस मीटरला तीन किलोच्या आसपास भरते. बोटाच्या पेराने दारावर टकटक करून पाहावे. आधी डबा वाजल्यासारखा ‘टण्’ येतो, पत्री लागल्यावर लाकडावर वाजवल्यासारखा ‘टक्’. तो आला की थांबावे.

स्वस्तात काम करणारे ब्युटाइलऐवजी छपराच्या गळतीवर लावायची डांबरी पट्टी वापरतात. थंडीत कोण आनंद! मग एप्रिल उजाडतो. पनवेलच्या उन्हात दिवसभर उभ्या असलेल्या गाडीच्या पत्र्याला हात लावून पाहा म्हणजे पुढचे सांगायला नको. डांबर मऊ होते, वास सुटतो, आणि पट्टी घसरत घसरत खाली येऊन काचेच्या यंत्रणेत अडकते. आवाज बंद करायला गेलो आणि खिडकी कायमची बंद झाली, असा प्रकार होतो.

पण उन्हापेक्षा इथे पावसाची धास्ती अधिक. या भागात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. खिडकीच्या काचेवरून ओघळणारे पाणी रबरातून थेट दाराच्या पोटात उतरते, हे पुष्कळांना माहीत नसते. ते तिथे उतरावे अशीच रचना असते. दाराच्या तळाला लहान भोके ठेवलेली असतात आणि पाणी त्यांतून निघून जाते. पत्री मारणाऱ्याने उत्साहात ही भोके बुजवली, की दाराची टाकी झालीच म्हणून समजा. तसेच दारात स्पंज, कापूस किंवा पाणी पिणारा कुठलाही फोम कोंबणे. जूनमध्ये कोंबलेला स्पंज ऑक्टोबरपर्यंत ओला राहतो आणि पाऊण मिलिमीटरच्या पत्र्याला आतून गंज लागायला एवढे पुरते. फोम हवाच असेल तर ज्याचे छिद्र बंद असते, जो पाण्यात टाकला तर पाणी न पिता तरंगतो, तोच घ्यावा. काम झाल्यावर दुकानातून निघण्यापूर्वी काचेवर तांब्याभर पाणी ओतावे आणि वाकून पाहावे. दाराखालून पाणी ठिबकले तर पैसे द्यावेत, नाहीतर दार पुन्हा उघडायला सांगावे. यात संकोच धरू नये.

दाराच्या आतल्या चौकटीला मोठमोठी खिंडारे असतात. दुरुस्तीला हात जावा म्हणून ठेवलेली. स्पीकरच्या पडद्यामागून निघणारा खर्ज या खिंडारांतून बाहेर येतो आणि पुढून निघणाऱ्या खर्जाला खोडून काढतो. एक पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, शिल्लक शून्य. ही खिंडारे पत्रीने बंद केली की त्याच स्पीकरमधून, त्याच आवाजाच्या बटणावर, अधिक भरदार खर्ज मिळतो. कित्येक गाड्यांना वेगळ्या बूफरची गरजच उरत नाही. हे कोणताही बूफर विकणारा आपणहून सांगत नाही. एक सावधगिरी मात्र हवी. काही नव्या गाड्यांत दाराच्या पोटातल्या हवेचा दाब मोजून बाजूची एअरबॅग उघडायची की नाही ते ठरते. तेव्हा आपल्या गाडीत तशी व्यवस्था आहे का, हे कंपनीच्या कारखान्यात विचारल्याखेरीज दार पूर्ण बंद करू नये. खांबांच्या आवरणामागे, जिथे पडद्यासारख्या एअरबॅगा गुंडाळलेल्या असतात, तिथे तर काहीही चिकटवू नये. गाणे बिघडले तर पुन्हा लावता येते.

त्याच जातीची दुसरी गोष्ट वायरीची. खडखड हा उपद्रव आहे, आग हे संकट आहे. बूफरच्या अ‍ॅम्प्लिफायरला बॅटरीपासून वेगळी जाड तार लागते. खरोखरीचे ५०० वॅट बाहेर काढायचे तर सुमारे ५० अँपिअर प्रवाह त्या तारेतून जातो. घरातल्या गिझरला लागतो त्याच्या तिपटीहून अधिक. ही तार बारीक असली, किंवा पत्र्याच्या भोकातून रबराची बांगडी न घालता नेली, तर याच कंपनांनी ती पत्र्यावर घासत राहते आणि एक दिवस तिचे आवरण फाटते. म्हणून बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज असलाच पाहिजे. बॉनेट उघडून तो डोळ्यांनी पाहावा. दुकानातला मुलगा ‘‘काका, अ‍ॅम्पमध्येच फ्यूज आहे, टेन्शन नका घेऊ’’ म्हणाला, तरी पाहावा. अ‍ॅम्पमधला फ्यूज अ‍ॅम्प वाचवतो. मधली दहा-बारा फूट तार त्याच्या राज्यात येत नाही.

आणि वॅटचा मोह किती धरावा? ५० वॅटच्या जागी १०० वॅट केले तर आवाज दुप्पट होतो असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात वाढ होते ती तीन डेसिबलची, लक्ष देऊन ऐकले तर कळेल एवढी. कानाला दुप्पट वाटायला दहा डेसिबल वाढवावे लागतात आणि त्यासाठी वॅट लागतात दहापट. मात्र पत्र्याला बसणारे धक्के वाढतात ते लगेच वाढतात. दारातल्या लहान स्पीकरला ८० च्या खालचा खर्ज पाठवायचाच नाही, तो फक्त बूफरला द्यायचा, अशी सोय बहुतेक स्टीरिओंत एका बटणावर असते. फुकटातल्या उपायांत याच्यासारखा दुसरा नाही.

इतके सगळे केले म्हणजे गाडीत बसलेल्याचे समाधान होते. गाडीबाहेरच्याचे काय? इथे स्पष्ट बोलले पाहिजे, कारण पत्री विकणारे ‘साउंडप्रूफ’ हा शब्द फार सैलपणे वापरतात. पत्रीने खडखड थांबते, दणदण थांबत नाही. ५० कंपनांच्या खर्जाची एक लाट जवळपास सात मीटर लांब असते, म्हणजे अख्ख्या गाडीहून मोठी. ती पाऊण मिलिमीटरच्या पत्र्याला जुमानत नाही. पत्र्याचे वजन दुप्पट केले तरी फार तर सहा डेसिबल कमी होतात. काचा तर उघड्याच आहेत म्हणायच्या. म्हणून रात्री अकराला कामोठ्याच्या गल्लीतून जाणाऱ्या गाडीतले गाणे कोणते ते दुसऱ्या मजल्यावर कळत नाही, पण मांडणीतली भांडी थरथरतात आणि नुकतेच निजलेले मूल उठते. गाडीवाल्याला वाटते, आपल्या काचा बंद आहेत, आपण कुणाला त्रास देत नाही. तो खोटे बोलत नसतो. त्याला आत जे ऐकू येते ते आणि बाहेर जे पोचते ते ही दोन वेगळी गाणी असतात.

कायद्याने २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, रात्र म्हणजे दहा ते सहा. इस्पितळे, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये सविस्तर निकाल देऊन हे सारे अधिक पक्के केले. पण वाहत्या गाडीमागे डेसिबल मोजायचे यंत्र घेऊन कोण धावणार? कर्नाळ्याला तर ऐकणारा बिचारा तक्रारही करू शकत नाही. गोव्याचा हमरस्ता त्या पक्षी अभयारण्याच्या मधूनच जातो. पावसाळ्यात सहलीला आलेल्या गाड्या कडेला लागतात, डिक्या उघडतात आणि बूफर जंगलाकडे तोंड करून वाजू लागतो. पाखरे आपापसांत बोलतात ती आवाजानेच. जागा राखणे, जोडी जमवणे, धोक्याची हाक देणे सगळे कंठातून. त्या पाखरांना अर्धा दिवस एकमेकांचे ऐकूच येत नसेल तर त्यांनी काय करावे?

कान हा विषयही घरच्या माणसांनी बोलावा असा आहे. अमेरिकेतील कामगार आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबल आठ तास सोसवतात. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. ८८ ला चार तास, आणि १०० डेसिबलला अवघी १५ मिनिटे. चांगला बूफर बंद गाडीत १०० चा आकडा हसत ओलांडतो, आणि पनवेलहून खोपोलीला जायलाही १५ मिनिटांहून बराच जास्त वेळ लागतो. बूफर डिकीत असतो, म्हणजे त्याच्या सर्वांत जवळ बसतात ती मागची माणसे. बहुधा आजी आणि मुले. गाडीतून उतरल्यावर कानात ‘कुई’ असा आवाज येत राहिला, तर तो कानाने दिलेला निरोप आहे. तो दोन-तीनदा आला तर कानाच्या डॉक्टरांकडे जावे, गाडीच्या दुकानात नव्हे.

ज्यांना हे सारे करून पाहायचे आहे त्यांनी क्रम सोडू नये. आधी डिकी, खण आणि डॅशबोर्ड रिकामे करून सूर लावून पाहावा. मग स्क्रू, क्लिपा, नंबरप्लेट. मग नमद्याचे आणि फोमचे तुकडे. हे सगळे मिळून सिनेमाच्या तिकिटाएवढा खर्च होत नाही. मग स्टीरिओतली बटणे. त्यानंतरही एखादे दार बोलत असेल तरच पत्री, आणि तीही त्याच दाराला. काम पावसाळ्याच्या तोंडावर करू नये. दिवाळीनंतर करावे, पत्रा कोरडा असतो आणि पत्री नीट धरते. शेवटी नेहमीचेच गाणे नेहमीच्याच आवाजात लावून, काचा बंद करून, गाडीपासून वीस पावले दूर जाऊन उभे राहावे. तिथे काय ऐकू येते ते ऐकावे. मग परत येऊन स्टीरिओतले खर्जाचे बटण शोधावे. ते शून्याच्या वर जाते हे सर्वांना माहीत असते. ते शून्याच्या खालीही जाते.